शिपाईमामांचे ऋण

माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात शाल-श्रीफळ मुख्याध्यापकांना मिळते, पण आठवणी निघतात त्या घंटा देणाऱ्या शिपाईमामांच्या. हे ऋण शास्त्राच्या कोणत्या खात्यात मांडायचे?

तैत्तिरीय संहितेत ऋणे तीनच: ऋषी, देव आणि पितर यांची. ऋषिऋण ब्रह्मचर्य पाळून, अध्ययनाने फिटते. म्हणजे गुरुजींची सोय झाली. वर्ग झाडणारा, पडलेल्या पोराच्या गुडघ्याला हळद लावणारा माणूस मात्र यादीबाहेर! शतपथ ब्राह्मणात चौथे ऋण येते, माणसांचे. ते फेडण्याची रीतही तिथेच सांगितली आहे: माणसाला आसरा द्यावा, अन्न द्यावे.

नुसत्या गहिवराचा त्यात उल्लेख नाही. तेव्हा मामा हयात असतील, तर त्यांची पेन्शन वेळेवर येते का, घरी कोण बघते, एवढे तरी विचारून या.