सांगून तर बघा



हॉटेलात बिल टेबलावर येतं, तो क्षण कधी नीट पाहिलाय? बडीशेपेची वाटी. तिच्याखाली दुमडलेला कागद. कुणीतरी म्हणतं, "सारखे वाटून घेऊ." सगळे माना डोलावतात. एकजण मात्र मनातल्या मनात महिनाअखेरचा हिशेब करत असतो. ते जेवण त्याला आवडलेलंही नसतं. पण तो बोलत नाही. मित्रांना काय वाटेल!

अहो, सांगून तर बघा.

आपली तरुण मुलं टीटीएमएम म्हणतात. तुझं तू, माझं मी. किती सरळ आहे हे! पण नुसतं बिल वेगळं करून भागत नाही. खरी अडचण संकोचाची असते. संकोचापोटी आपण हो म्हणतो. मग हळूहळू फोन उचलणं टाळतो. पैसे वाचतात, मैत्री मात्र आटत जाते. याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून म्हणते, सांगून तर बघा. "तुमचं जेवण होऊ द्या, नंतरच्या चहाला मी आहेच." ऐकणाऱ्यांत आणखी कुणाचा तरी जीव भांड्यात पडेल. तोही बरेच दिवस गप्पच असेल.

माझ्या एका मैत्रिणीने असंच सांगितलं. "रविवारी घरीच या, पिठलं-भाकरी करू." आम्ही तिच्या स्वयंपाकघरात जमिनीवरच बसलो. तव्यावरची भाकरी टम्म फुगली. कुणी बुक्कीने कांदा फोडला. पिठलं संपलं, हात वाळले, तरी उठायचं कुणाच्याच मनात येईना.