कौतुक कुणाकडे बघतं?

घरी पाहुणे आले, चहापाणी झालं, की साडेतीन वर्षांच्या मुलाला बैठकीच्या खोलीत बोलावणं येतं. ‘काकांना ती कविता म्हणून दाखव.’ ‘मावशीला पन्नासपर्यंत आकडे म्हणून दाखव.’ मूल आधी आईच्या मागे लपतं, मग एका दमात सगळं म्हणून टाकतं, टाळ्या पडतात आणि आईबाबांचा चेहरा उजळतो. त्या आनंदात खोटं काहीच नसतं. साडेतीन वर्षांपूर्वी ज्याला स्वतःची मान सावरता येत नव्हती, ते मूल आज सलग वाक्यं बोलतं, चपलांचे पाय ओळखतं, रंगांची नावं सांगतं. अभिमान वाटू नये असं म्हणणारा माणूस मुलांमध्ये कधी रमलेलाच नसेल. विचार करायचा आहे तो ‘दाखव’ या एका क्रियापदाचा. म्हणून दाखव, नाचून दाखव, लिहून दाखव. मुलाने जे मिळवलं त्यापुढे हे ‘दाखव’ लागलं, की कौतुकाची नजर मुलावरून हळूच समोरच्या प्रेक्षकाकडे वळते.

‘कौतुक’ या शब्दाचा मूळ अर्थ नवल, कुतूहल. जुन्या मराठीतलं ‘कवतिक’ही नवलाचा हा अर्थ घेऊन येतं. वाहवा हा अर्थ पुढे रूढ झाला, तरी शब्दात दोन्ही छटा अजून नांदतात. माझं म्हणणं या दोन छटांभोवतीच फिरतं. बालवाडीच्या वयातल्या प्रगतीचा अभिमान नवलाशी जोडलेला राहिला, तर तो मुलाला वाढवतो. नवल सुटलं आणि केवळ वाहवा उरली, की तोच अभिमान भलत्या गोष्टी मोजू लागतो आणि मुलालाही त्याच मोजायला शिकवतो. आपल्या रूढींना हा फरक ठाऊक होता असं वाटतं. उष्टावण, बोरन्हाण, पाटीपूजन हे सगळे लहानपणीचे टप्पेच आहेत, पण त्यांत मुलाची परीक्षा नाही. बोरन्हाणाच्या दिवशी हलव्याचे दागिने घालून पाटावर बसलेलं मूल किती शब्द बोलतं, हे कुणी विचारत नाही. बोरं आणि चुरमुरे डोक्यावरून ओततात आणि शेजारची पोरं ती लुटतात. पाटीपूजनात मोठ्यांनी हात धरून ‘श्री’ गिरवून घ्यायचा असतो, तो स्वतः काढता येण्याची अट नसते. मूल या वयाला पोचलं हाच सोहळा. बाळाचा गवगवा केला तर दृष्ट लागते, हा समज आज कुणी बाळगू नये. पण मूल ही मिरवायची वस्तू नव्हे, एवढा संकोच त्यात होता. तो जपायला हवा.

भलत्या गोष्टी मोजल्या जातात म्हणजे काय, ते आकड्यांवरूनच पाहू. अडीच-तीन वर्षांचं मूल एक ते दहा म्हणतं तेव्हा त्याला आकडे ‘येतात’ असं आपण समजतो. त्याच मुलापुढे चिंचोक्यांचा ढीग ठेवावा आणि म्हणावं, ‘मला चार दे.’ पुष्कळदा ते मूठभर चिंचोके उचलून देतं. आकडे म्हणणं ही त्याच्यासाठी अजून बडबडगीताच्या जातीची गोष्ट असते. बालमानसशास्त्रज्ञांनी नेमकी ही कृती घेऊन गेली तीन-चार दशकं अभ्यास केले आहेत. मुलाला आधी ‘एक’चा अर्थ कळतो, काही महिन्यांनी ‘दोन’चा, मग ‘तीन’चा; आणि साधारण साडेतीन-चार वर्षांच्या सुमारास त्याला उमगतं की मोजताना शेवटी उच्चारलेला आकडा म्हणजे समोरच्या वस्तूंची एकूण संख्या. गणिताचा पाया पडला तो या क्षणी. पण हा क्षण येतो तेव्हा घरात टाळी वाजत नाही, कारण तो ऐकू येत नाही. टाळी वाजून गेलेली असते वर्षभर आधी, दहापर्यंतच्या पाठांतराला.

भाषेतही हेच घडतं. ‘केलं’ म्हणणारं मूल एके दिवशी ‘करलं’ म्हणू लागतं आणि घरचे त्याला सुधारतात. खरं तर ऐकलेला शब्द तसाच्या तसा परत करणारं मूल आता शब्दांमागचा नियम शोधू लागलं आहे. ‘करलं’ त्याने कुणाकडून ऐकलेलं नाही. ते त्याने स्वतः घडवलं आहे. अभिमान वाटावा अशी ही चूक आहे. चार वर्षांच्या आसपास मुलाला आणखी एक गोष्ट कळू लागते: मला माहीत आहे ते दुसऱ्याला माहीत नसू शकतं. 1983 साली विमर आणि पेर्नर या संशोधकांनी एका साध्या गोष्टीतून ही समज तपासली. गोष्टीतला मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून जातो, त्याच्यामागे ते दुसऱ्या कपाटात हलवलं जातं. परतल्यावर तो ते कुठे शोधेल? लहान मूल चॉकलेट आता जिथे आहे ते कपाट दाखवतं; थोडं मोठं झालेलं मूल ओळखतं की तो बिचारा जुन्याच जागी शोधणार. दुसऱ्याचं मन वेगळं असतं ही जाण माणुसकीची पहिली पायरी आहे. लपाछपी नीट खेळता येणं, कुणाला न सांगता गंमत जपून ठेवणं, इतकंच काय, पटेल असं पहिलं खोटं बोलणं, यांमागे ती असते. प्रगतिपुस्तकात तिच्यासाठी रकाना नसतो.

लिहिण्याच्या बाबतीत घाई शरीरालाही सोसावी लागते. मनगटात आठ छोटी हाडं असतात. तीन वर्षांच्या मुलात त्यांतली जेमतेम तीन तयार झालेली असतात, उरलेली पुढच्या काही वर्षांत कूर्चेतून घडतात. बोटांच्या स्नायूंवरचा ताबाही त्याच काळात हळूहळू येतो. या वयात चौकटीच्या वहीत पानभर ‘अ’ काढून घेण्यापेक्षा कणीक मळणं, मणी ओवणं, शेंगा सोलणं, वाळूत बोट फिरवणं या गोष्टी हाताला लिहिण्यासाठी जास्त तयार करतात. जुन्या गावठी शाळांतली धूळपाटी याच जातीची होती: बोट हीच लेखणी, आणि चुकलं की हात फिरवून पुन्हा कोरी. मारिया मॉन्टेसरीने 1907 साली रोममध्ये पहिलं बालगृह सुरू केलं, तेव्हा तिनेही खरखरीत अक्षरांवरून मुलांची बोटं फिरवण्यापासून सुरुवात केली होती. हात तयार झाला की लिहिणं आपोआप उमलतं, असा तिचा अनुभव होता.

दुसरी गल्लत वयाची. शेजारचं मूल अकराव्या महिन्यात चाललं आणि आपलं पंधराव्यात, तर घरात चिंता शिरते. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या निरोगी मुलांचा अभ्यास करून 2006 साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत आधाराशिवाय चालण्याची खिडकी साधारण आठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत पसरलेली आहे. काही निरोगी मुलं तर हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत, तशीच उभी राहिली. वाचनाचंही असंच. न्यूझीलंडमध्ये पाचव्या वर्षी वाचायला शिकलेल्या आणि सातव्या वर्षी शिकलेल्या मुलांची तुलना झाली, तेव्हा अकराव्या वर्षापर्यंत त्यांच्या वाचनात फरक उरला नव्हता. फिनलंडमध्ये शाळा सातव्या वर्षी सुरू होते. लवकर येणं म्हणजे पुढे असणं, हे समीकरण या वयात टिकत नाही. दोन वर्षांनी पुसलं जाणारं अंतर आज मिरवायचं, आणि ते अंतर कमी पडलेल्या मुलाच्या मनात मात्र ‘मी मागे आहे’ ही खूण कायमची सोडायची, हा व्यवहार कुणाच्याच फायद्याचा नाही.

टाळ्यांनी मुलाचं काय होतं, याबद्दल एक प्रयोग फार बोलका आहे. 1973 साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी स्टॅनफर्डमधल्या बालशाळेत चित्रं काढायला मनापासून आवडणारी तीन ते पाच वर्षांची मुलं निवडली. काहींना आधी सांगितलं की चित्र काढलंत तर सोनेरी तारा आणि फीत असलेलं प्रमाणपत्र मिळेल. काहींना तेच प्रमाणपत्र नंतर अचानक दिलं. उरलेल्यांना काहीच दिलं नाही. आठ-पंधरा दिवसांनी मोकळ्या वेळात कोण किती चित्रं काढतं ते पाहिलं. बक्षिसाच्या कबुलीने काढणारी मुलं आता इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रांना देत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र कमी झाली नव्हती. उत्स्फूर्त कौतुकाने नुकसान झालं नाही. आधीच ठरलेल्या कौतुकाने झालं. खेळ होता त्याचं काम झालं. शिकागोमधल्या एका दीर्घ अभ्यासात, एक ते तीन वर्षांच्या मुलांशी आईवडील घरी कसे बोलतात याची नोंद केली गेली. ज्या मुलांच्या प्रयत्नांना दाद मिळत होती, ती सातव्या-आठव्या वर्षी अवघड गोष्टींना कमी बिचकत होती. अशा एकेका अभ्यासावर सगळा भार टाकू नये. तरी अनुभवी बालवाडीताई जे सांगतात, त्याच दिशेला तेही बोट दाखवतात.

यावर पहिला आक्षेप असा की टप्प्यांकडे लक्ष दिलं नाही, तर खरी अडचण वेळेत कळणार कशी? मुलाला ऐकू येत नसेल, ते नजरेला नजर देत नसेल, आलेले शब्द गमावत असेल, तर लवकर झालेलं निदान आयुष्य बदलतं. हा आक्षेप खरा आहे आणि माझ्या म्हणण्याला तो बळच देतो. मिरवणाऱ्या नजरेला अशा खुणा दिसत नाहीत. तिला जे चांगलं दिसतं ते हवं असतं, आणि जे दिसत नाही ते ती झाकते. ‘आमच्याकडे सगळे उशिराच बोलतात’ हे वाक्य पुष्कळदा लाजेतून येतं. नवलाने रोज पाहणारी आई, आजी किंवा अंगणवाडीसेविका आधी ओळखते आणि न लाजता डॉक्टरांकडे नेते. टप्पे मुलाची काळजी घेण्यासाठी आहेत. त्यांची स्पर्धा केली, की काळजी घेण्याचं हे कामच बिघडतं.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. चांगल्या शाळेत प्रवेश हवा तर मूल चटपटीत दिसायला हवं. जग स्पर्धेचं आहे. ही भीती पालकांची कल्पना नव्हे, ती त्यांच्यावर लादली गेली आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं तेरावं कलम प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावायला मनाई करतं; पण त्या कायद्याचा मुख्य भर सहा ते चौदा वयोगटावर असल्याने स्वतंत्र नर्सऱ्यांचं विश्व बरंचसं मोकळंच राहिलं. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षं हा सलग पायाभूत टप्पा मानला आणि खेळातून शिकण्यावर भर दिला. स्पर्धेच्याच भाषेत बोलायचं, तरी पुरावा खेळाच्या बाजूने आहे. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीत 2019 साली 26 जिल्ह्यांतली चार ते आठ वयाची जवळपास 37 हजार मुलं पाहिली गेली. वस्तूंची वर्गवारी, क्रम लावणं, आकृतिबंध ओळखणं अशा कृती ज्यांना जमत होत्या, तीच मुलं भाषेत आणि गणितातही सरस होती. टेकू पाठांतराचा द्यायचा की समजेचा, याचं उत्तर त्यात आहे.

तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे. ज्या घरात कुणी शाळेची पायरी चढलं नाही, तिथलं मूल इंग्रजी बडबडगीत म्हणतं तेव्हा बापाचा ऊर भरून येतो. त्याला हा तत्त्वविचार ऐकवणं ही सुखवस्तूंची चैन नाही का? त्या बापाचा अभिमान मी शंकेच्या पलीकडचा मानतो. पण याच घरांच्या मुलांसाठी नवलाची नजर सर्वांत आधी वापरली गेली, हा महाराष्ट्राचा इतिहास आहे. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू केलं, आणि 1957 मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. दलित वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली आणि ‘अंगणवाडी’ जन्माला आली. महागड्या साधनांच्या जागी बिया, शिंपले, पानं, खडे आले. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरली. वारल्यांच्या मुलाला झाडापाखरांची किती नावं येतात, हे ज्ञान आहे असं मानणाऱ्या या बाया होत्या. 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने ‘अंगणवाडी’ हे नाव देशभर नेलं. शिकलेल्या वर्गाने या वाटेवरून पुढे जाण्याऐवजी मिरवण्याचा नमुना घालून दिला, आणि कष्टकरी बाप आज त्याचंच अनुकरण पोटाला चिमटा काढून करतो. नर्सरीच्या ‘पदवीदाना’चा झगा भाड्याने आणणाऱ्या त्या बापाचं काही चुकलेलं नाही, नमुना आपण पुरवला आहे.

आणि आईबाबांच्या आनंदाचं काय? रात्र-रात्र जागणाऱ्यांना थोडं मिरवायचाही हक्क नाही का? जरूर आहे. आजीला फोन करून ‘आज त्याने स्वतः बटण लावलं’ हे सांगण्यात मुलाचं काही हिरावलं जात नाही. लहान कुटुंबात एकट्या पडलेल्या आईला हा आनंद वाटून घ्यायला माणूस लागतंच. सांगणं आणि सादर करणं यांतली रेषा मुलाच्या चेहऱ्यावर वाचता येते: ते आपल्या कामात दंग आहे, की आपल्याकडे बघून अंदाज घेतं आहे?

मूल स्वतः कधी ‘दाखवू का?’ असं विचारून सुरुवात करत नाही. त्याचा शब्द वेगळा आहे. ठोकळ्यांचा मनोरा अखेर उभा राहिला, गोगलगाय भिंतीवर चढली, बटण काजात गेलं, की ते हाक मारतं, ‘आई, बघ!’ त्याला बोलावणं फक्त सोबतीचं करायचं असतं. आपल्याला जे दिसलं ते जवळच्या माणसालाही दिसावं एवढीच त्याची इच्छा असते. या हाकेला हातातलं काम ठेवून, गुडघ्यांवर बसून, त्याच्या उंचीवरून दिलेली नजर म्हणजे कौतुक. पहिला अर्थही तोच होता.