दोष न देता ऐकणे

दारूच्या आहारी गेलेला माणूस मदत मागायला आला, तर आधी त्याला चार शब्द सुनवावेत की त्याचे ऐकून घ्यावे? आपल्यापैकी पुष्कळांना वाटते, की ऐकून घेतले म्हणजे त्याच्या वागण्याला आपण होकारच दिला. रुग्णालयांत व समुपदेशन केंद्रांत काम करणाऱ्या सोशल वर्करांपुढे हा प्रश्न रोजचाच असतो.

त्याचे उत्तर एका येशूसंघीय धर्मगुरूंनी दिले आहे. फादर फेलिक्स बिस्टेक हे अमेरिकेतील शिकागो शहरी लोयोला विद्यापीठात समाजकार्य शिकवीत. १९५७ साली त्यांचे ‘द केसवर्क रिलेशनशिप’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यातील सात तत्त्वे आपल्या देशातील समाजकार्य महाविद्यालयांतही शिकवली जातात.

तत्त्वे साधी आहेत. प्रत्येक माणूस वेगळा. त्याला दहा जणांच्या मापाने मोजू नये. त्याला मन मोकळे करू द्यावे. त्याचे दुःख जाणावे, पण आपण त्यात वाहून जाऊ नये. तो जसा आहे तसा त्याला स्वीकारावे. त्याचा न्यायनिवाडा करू नये. निर्णय त्याचा त्याला घेऊ द्यावा. त्याने विश्वासाने सांगितलेले कोठे बोलू नये.

मग चूक ही चूक नाही का? फादर बिस्टेक तसे म्हणत नाहीत. स्वीकार माणसाचा, त्याच्या प्रत्येक कृत्याचा नव्हे. दारूने घर मोडत असेल तर ते त्याच्यापुढे जरूर मांडावे. पण ‘तू वाईटच आहेस’ असा शिक्का मारू नये. शिक्क्याला भिणारा माणूस खरे सांगत नाही, आणि खरे कळल्याशिवाय मदत करता येत नाही. व्यभिचारात सापडलेल्या स्त्रीला प्रभू येशूने दोषी ठरवले नाही, आणि तिच्या पापाला पुण्यही म्हटले नाही.

निर्णयाच्या स्वातंत्र्यालाही फादरांनी मर्यादा सांगितल्या आहेत: माणसाची कुवत, देशाचा कायदा व नीतिनियम. बायकोला मारणे हा कोणाचा ‘स्वतःचा निर्णय’ होऊ शकत नाही. तेथे आधी तिचे रक्षण.

आपण काही सोशल वर्कर नाही. मनाच्या आजाराला तज्ज्ञांचीच गरज असते. परंतु तेथवर जाण्याचे धैर्य बहुधा आधी कोणीतरी ऐकून घेतल्यावरच येते. ह्या आठवड्यात कोणी आपल्याजवळ मन मोकळे केले, तर उपदेशाची घाई करू नये. आणि ते आपल्या ओट्यावरून शेजारच्या ओट्यावर जाऊ देऊ नये.