अस्थींची हजेरी

१९७२ च्या दुष्काळात जिंतूर तालुक्यातील एका पाझर तलावाच्या कामावर मी काही महिने हजेरी कारकून होतो, आणि तेथे मनात शिरलेला एक प्रश्न पुढे ग्रंथांतून, कीर्तनांतून आणि सरकारी परिपत्रकांतूनही मी शोधीत राहिलो. परंतु त्याचा उगम एका म्हाताऱ्या वडार बाईच्या अंगठ्यात आहे. आठवड्याच्या पगाराला मजुरांची रांग लागे, शाईच्या गादीवर अंगठा टेकवून तो हजेरीपटावर उठवावयाचा, एवढाच त्या व्यवहाराचा विधी असे. त्या बाईचा अंगठा उठत नसे. कागदावर एक काळा, गुळगुळीत ठिपका तेवढा उमटे. मी दोनतीनदा पुसून पुन्हा टेकवावयास लावला, तेव्हा ती हसून म्हणाली, "रेघ कशाची उठतीय लेकरा, दगडानं खाल्लीय ती." पुढे "अंगठा अस्पष्ट" असा शेरा घेऊन तो हजेरीपट वरच्या दफ्तरातून परत आला आणि तिची मजुरी आणखी पंधरा दिवस लांबली. काम केल्याची जी निशाणी तिने द्यावयाची होती, ती त्या कामानेच झिजवून टाकली होती, ही गोष्ट तेव्हा मला केवळ विचित्र वाटली. ती धर्मशास्त्राचा एक जुना प्रश्न आहे हे कळावयास वीस वर्षे जावी लागली.

तो प्रश्न असा : एखादे मोठे बांधकाम ज्यांच्या हातांनी उभे राहते, त्यांचा त्या बांधकामाशी धर्मतः संबंध कोणता? विहीर, बारव, तळे, देवालय, अन्नछत्र, आमराई यांना आपल्या शास्त्रकारांनी पूर्तधर्म म्हटले आणि वैदिक यज्ञाचा अधिकार ज्यांना नाही त्यांनाही त्याचा अधिकार दिला. परंतु पुण्य कोणाला, असे विचारले की उत्तर यजमानाचे, म्हणजे खर्च करणाराचे नाव घेते. आमच्या परभणी जिल्ह्यात या पूर्तधर्माची साक्ष पावलोपावली आहे. चारठाण्याची देवळे आणि बारव पाहा, किंवा सेलू तालुक्यातील वालूरची ती चक्राकार उतरत जाणारी बारव पाहा, जिचा गाळ अलीकडे गावकऱ्यांनीच उपसला. चुन्यावाचून दगडाला दगड बसविणाऱ्या ज्या हातांनी ही कामे केली त्यांतील एकाचेही नाव आपणांस ठाऊक नाही. अवघी शैलीच ओळखली जाते ती यादवांच्या श्रीकरणाधिपाच्या, हेमाद्रीच्या नावाने. दफ्तराच्या प्रमुखाचे नाव दगडाला मिळावे आणि पाथरवटाचे मिळू नये, याला योगायोग म्हणणे मला कठीण जाते.

नव्या काळातील पूर्तधर्माचीही तीच तऱ्हा. जायकवाडीची कोनशिला १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींनी बसविली, २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी धरणाचे उद्घाटन केले, आणि त्याचा २०८ किलोमीटरांचा डावा कालवा आमच्या जिल्ह्याच्या काळ्या रानापर्यंत गोदावरीचे पाणी घेऊन आला. या दोन तारखांच्या मधल्या दहा-अकरा वर्षांत टोपली उचलणारांची नोंद मात्र हजेरीपटांत झाली, आणि ते हजेरीपट मुदत संपताच रद्दीत गेले असणार, हे मी हजेरी कारकुनीच्या अनुभवावरून सांगू शकतो.

फळ खर्च करणाराचे, हा विचार निव्वळ धनिकांची सोय म्हणून निघालेला नाही. त्यामागे यज्ञविधींचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांचे गंभीर तर्कशास्त्र आहे. जैमिनीच्या मीमांसासूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात हा वाद आहे. आहुती अध्वर्यू टाकतो, साम उद्गाता गातो, मग स्वर्ग यजमानाला का? सिद्धान्त असा की, ऋत्विज हे दक्षिणेने विकत घेतलेले आहेत. त्यांचे श्रम यजमानाचे झाले, म्हणून फळही त्याचे. हे वाचताना ठेकेदाराचा करारनामा वाचल्यासारखे वाटते. तथापि या करारनाम्याची दुसरी बाजू आपण सोयीने विसरतो. सोमयागाला सोळा ऋत्विज लागत, चार मुख्य आणि प्रत्येकाच्या हाताखाली तीन. दक्षिणेच्या शंभर गाई असल्या तर मुख्य चौघांना मिळून अठ्ठेचाळीस, दुसऱ्या ओळीला चोवीस, तिसरीला सोळा आणि चौथीला बारा, अशी वाटणी टीकाकारांनी हिशेबासह लावून दिली आहे. काम आरंभण्यापूर्वीच कोण, किती जण, कोणत्या विद्येचे, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या वाट्याने, हे सारे ठरलेले असे. शिवाय त्या चार मुख्यांपैकी ब्रह्मा नावाचा ऋत्विज बहुतांशी मौन बसून राही. चूक झाली की ती ओळखणे आणि तिचे प्रायश्चित्त करणे एवढेच त्याचे काम, आणि त्याला वाटा मात्र पूर्ण. चूक पाहण्यासाठी पूर्ण पगाराचा माणूस नेमावा, ही कल्पना आपल्या आजच्या कामांवर कितपत रुजली आहे? १ ऑगस्ट २०२३ रोजी शहापूरजवळ समृद्धी महामार्गाच्या पुलावर तुळया चढविणारे यंत्र कोसळून वीस माणसे गेली, त्या पहाटे मला या मौनी ब्रह्म्याचीच आठवण झाली.

मनुस्मृतीने ऋत्विजांच्या वाटणीचा हा नियम एकत्र काम करणाऱ्या सर्वांनाच लागू केला, आणि पुढच्या स्मृतिकारांनी तो थेट बांधकामावर आणला. घर, देऊळ किंवा तळे बांधणाऱ्या कारागिरांत म्होरक्याला दोन वाटे द्यावेत असे बृहस्पती म्हणतो. कात्यायन तर शिल्पींच्या चार पायऱ्याच सांगतो : शिक्षक, अभिज्ञ, कुशल आणि आचार्य, त्यांना अनुक्रमे एक, दोन, तीन आणि चार वाटे. येथे शिक्षक म्हणजे शिकविणारा नव्हे, शिकणारा. कात्यायनाच्या शिडीची सर्वांत खालची पायरी शिकणाराची आहे. ज्याला काहीच येत नाही आणि ज्याने पुढेही काही शिकावयाचे नाही, अशा माणसासाठी त्याच्याजवळ पायरीच नाही. ती पायरी आपण केली, आणि तिला "अकुशल" असे नाव दिले. या शब्दाचा विनोद पुन्हा असा की, कुशल म्हणजे मुळात हात न कापता दर्भ खुडून आणणारा, ही व्युत्पत्ती आलंकारिक शेकडो वर्षे उदाहरण म्हणून देत आले आहेत. रानातील गवत कापणाऱ्याच्या हातचलाखीवरून ज्या शब्दाचा जन्म झाला, त्याला एक अकार जोडून आपण तो रानातील माणसालाच परत केला. गीतेने योगाची व्याख्या कर्मातील कौशल्य अशी केली असेल, तर कोट्यवधी माणसांना सरकारी कागदावर अकुशल ठरविणे ही साधी प्रतवारी राहत नाही, ती एक आध्यात्मिक घोषणा होते. आणि ती करण्याचा अधिकार दर निश्चित करणाऱ्या कचेरीला कोणी दिला, हे मला अद्याप समजलेले नाही. तलावाच्या पिचिंगचा दगड एका नजरेत निवडून, सुतकीच्या तीन ठोक्यांत त्याचे तोंड काढणारी ती वडार बाई माझ्या हजेरीपटावर अकुशल होती, आणि तिच्या कामाचे आकडे लिहिण्याचा पगार घेणारा मी कुशल होतो.

परंतु मीमांसेत यज्ञाचा आणखी एक प्रकार आहे, आणि माझ्या प्रश्नाचे खरे उत्तर मला तेथे सापडले. सत्र नावाच्या दीर्घ यागात सतरा ते चोवीस जण एकत्र बसतात. तेच ऋत्विज आणि तेच यजमान. तेथे कोणी कोणाला विकत घेत नाही, म्हणून दक्षिणा नाही, आणि फळ प्रत्येकाचे संपूर्ण. आता असे दीर्घ काम चालू असता मध्येच एखादा मेला तर? श्रुतीचे सांगणे विलक्षण आहे : त्याचे दहन करावे, अस्थी कृष्णाजिनात बांधून ठेवाव्यात, त्याच्या निकटच्या आप्ताला दीक्षा देऊन काम पुढे चालवावे, आणि वर्षाने त्या अस्थींकडून यजन करवावे. जैमिनीच्या दहाव्या अध्यायात यावर चर्चा आहे. अस्थींनी जप कसा करावयाचा, असा रोकडा प्रश्न मीमांसकांनी तेथे उपस्थित केला आहे. पुष्कळांना हे कर्मठपणाचे टोक वाटते. मला त्यात एक करुण न्यायबुद्धी दिसते : कामात मेलेला माणूस हजेरीपटावरून उतरविला जात नाही, काम पुरे होईपर्यंत तो सहभागीच असतो, आणि त्याच्या घरच्याला त्याच्या जागी बसविले जाते.

अस्थींनी जप कसा करावयाचा, याचे मला पटलेले उत्तर मीमांसकांच्या कोणा टीकाकाराने दिले नाही, मंगळवेढ्याच्या एका बिगाऱ्याने दिले. शके १२६०, म्हणजे इ. स. १३३८ मध्ये, मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळली आणि तिच्याखाली सापडलेल्या मजुरांत चोखामेळा होता. तो स्वखुशीने गेला नव्हता, वेठीला धरून नेला होता. परंपरा सांगते की नामदेव तेथे गेले (आणि नामदेवांचे मूळ गाव ती परंपरा नरसी सांगते, जे १९९९ पर्यंत आमच्याच जिल्ह्यात होते), ढिगाऱ्यातील अस्थी एकेक करून त्यांनी कानाशी धरल्या, ज्यांतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या चोख्याच्या म्हणून ओळखल्या, आणि पंढरपुरात महाद्वारासमोर त्यांना समाधी दिली. आमच्या गंगाखेडच्या जनाबाईची कथाही याच जातीची आहे : गोवऱ्यांच्या ढिगात आपल्या कोणत्या, असे विचारताच तिने सांगितले की, कानाला लावा, ज्यांतून विठ्ठल ऐकू येईल त्या माझ्या. अंगठ्याची रेघ झिजते, नाव दफ्तरातून जाते, पण केलेल्या कामात करणारा ऐकू येतो, असे या दोन्ही कथा म्हणतात; आणि ज्या सत्राचा अधिकार मीमांसेने केवळ ब्राह्मणांपुरता ठेवला होता, त्याचे दार त्यांनी भिंत बांधणाऱ्या महारासाठी आणि शेण थापणाऱ्या दासीसाठी उघडले. हे मीमांसेला जमले नाही, कथेला जमले, हे मान्य केले पाहिजे.

येथे एक धोका आहे, आणि तो माझ्याच युक्तिवादात आहे. सत्रात दक्षिणा नसते. श्रम हीच पूजा असे म्हणणाराच्या खिशात अनेकदा न दिलेली मजुरी असते. श्रमदानाच्या फलकाखाली फुकट राबवून घेतल्याची उदाहरणे माझ्या पिढीने पाहिली आहेत. चोख्याची भक्ती थोर म्हणून त्याची वेठ पवित्र होत नाही. बेगार हा फारसी शब्द बिनमोल सक्तीच्या कामाचा. राजवटी गेल्या, निजामाचा अंमलही १९४८ साली गेला, आणि आजही परभणीच्या नाक्यावर गवंड्याच्या हाताखाली जाणाऱ्याला आपण बिगारीच म्हणतो. त्याहून वाईट एक समजूत अजून जिवंत आहे की मोठे काम बळी घेतल्याशिवाय उभे राहत नाही. पुलासाठी मुले पळवून नेतात, या लहानपणी ऐकलेल्या अफवेला आपण हसतो. परंतु "एवढ्या मोठ्या कामात दोनचार जायचेच" असे एखादा शिकलेला मनुष्य म्हणतो, तेव्हा तो तीच नरबलीची श्रद्धा अधिक सभ्य भाषेत सांगत असतो. म्हणून दक्षिणा आधी, पूर्ण आणि वेळेवर. सत्राची भाषा त्यानंतर.

कायद्याने यातील काही गोष्टी, शास्त्राचा आधार न घेता, करून ठेवल्या आहेत. दुष्काळी कामांतून निघालेली आणि वि. स. पागे यांच्या चिंतनातून आकारलेली रोजगार हमी २६ जानेवारी १९७९ पासून कायद्याने अमलात आली. मागणाऱ्याला काम हा हक्क झाला, आणि कामावर पिण्याचे पाणी, सावली, लेकरांसाठी पाळणाघर यांची तरतूद झाली. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने बांधकामाच्या खर्चातून एक टक्का उपकर कामगारांच्या कल्याणासाठी वेगळा ठेवावयास लावला. ही रक्कम दया म्हणून वाटली जाते असे पुष्कळांना वाटते. माझ्या मते ती फळातील वाटा आहे, फार लहान वाटा, परंतु वाटा. मात्र तो मिळविण्यासाठी वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि आज या ठेकेदाराकडे, उद्या त्या गावी, दिवाळीनंतर उसाच्या फडात जाणाऱ्या माणसाला तो दाखला कोणी द्यावा, हे पुन्हा अंगठ्यावर येऊन थांबते. शाईची गादी गेली, यंत्र आले. सिमेंटाने खाल्लेली रेघ यंत्रालाही दिसत नाही.

जालन्याहून नांदेडला जाणारा सुमारे १८० किलोमीटरांचा द्रुतगती महामार्ग आमच्या जिल्ह्यातून काढावयाचे ठरले आहे. अशा कामाचे नियोजन करणाऱ्या अधिकाऱ्यांना माझे सांगणे एवढेच की, खडी, डांबर आणि सळई किती लागेल याचा तक्ता करताना माणसांचाही एक तक्ता करावा, आणि त्यात अकुशल हा रकाना ठेवू नये. त्याजागी कात्यायनाचा शिकणारा लिहावा, तो कोणाच्या हाताखाली आणि काय शिकणार हे पुढे लिहावे, काम संपताना तो अभिज्ञ झाल्याचा दाखला त्याच्या हाती पडावा. सेंट्रिंग बांधणारा आणि सळई वाकविणारा बाहेरून आणावा लागतो आणि आमचा मुलगा घमेले उचलतो, ही तक्रार कामाच्या ठिकाणीच मिटू शकते. चूक पाहणारा मौनी ब्रह्मा पूर्ण पगारावर नेमावा, आणि त्याला ठेकेदाराचा मिंधा ठेवू नये. जो पडेल त्याच्या घरच्याला त्याची जागा द्यावी. आणि हजेरीपट रद्दीत घालू नयेत.

मंगळवेढ्याच्या त्या भिंतीखाली चोखामेळ्याबरोबर दुसरेही मजूर गाडले गेले होते. नामदेवांनी ज्या अस्थी कानाशी धरून पुन्हा खाली ठेवल्या, त्या त्यांच्या. त्यांतील एकाचेही नाव कोठे लिहिलेले नाही.