वापसा

आमच्याकडची जमीन काळी, भारी. सेलूजवळ दुधनेच्या काठानं चालायचं तर पावसाळ्यात चप्पल हातात घ्यावी लागते. उन्हाळ्यात त्याच रानाला अशा भेगा पडतात की पडलेली चावी पुन्हा दिसत नाही. या जमिनीत पेरायचं तर वापसा लागतो. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो : पाऊस होऊन गेल्यावर जास्तीचं पाणी निचरतं, ओल राहते, मातीत हवा खेळते, तो वापसा. त्याआधी तिफण घातली तर माती फणाला चिकटते. उशीर केला तर वरचा थर कडक होतो. आबा रोज सकाळी रानात जायचे, मूठभर माती दाबून बघायचे आणि नुसतेच परत यायचे. "आबा, बाकीच्यांनी पेरलं की," आम्ही म्हणायचो. "पेरू दे," एवढंच त्यांचं उत्तर.

लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं तो 2016 चा उन्हाळा. थोरल्या भावात आणि माझ्यात विहीर एक. रात्र-रात्रीची पाळी. दादा ऑटो लावून झोपी जायचा; लाईट आली की मोटार आपोआप सुरू व्हायची. त्याच्या पाळीच्या चार रात्री मी वॉल माझ्या भुईमुगाकडं फिरवला. सकाळी त्यानं विचारलं, "काऊन रे, पाणी आलं नाही?"

"लाईटच नव्हती, दादा."

त्याच्या मोसंबीची बरीच झाडं वाळली. भुईमूग तरी कुठं धड आला! दादा भांडला नाही. बोलणंच बंद केलं.

रविवारी मी उपासनेला जायचो. पर्वतावरच्या प्रवचनात येशू सांगतो की अर्पण घेऊन आलेल्याला भावाचं दुखणं आठवलं, तर त्यानं आधी भावाकडं जावं. पाळकांनी तो भाग वाचला तेव्हा माझ्या मनात शंका राहिली नाही. हे मलाच आहे. मी मनात लगेच म्हणालो, "हो प्रभू, जातो."

पण पेरणी होती. मग सोयाबीन निघायचं होतं. मग नाताळ, सणासुदीला कशाला तोंड वाईट करायचं? त्या वर्षी मी दशांश चोख दिला, घरी दोनदा प्रार्थना ठेवली, लोकांना जेवू घातलं. देवाची सगळी कामं केली, सांगितलेलं एक सोडून. बापानं मळ्यात जायला सांगितल्यावर एक मुलगा नाही म्हणाला आणि गेला, दुसरा हो म्हणाला आणि गेलाच नाही, असा दाखला आहे. नाही म्हणणाऱ्याला निदान आपण नाही म्हटलेलं टोचत असेल. माझ्या 'हो'नं मला छान झोप लागायची.

वर आधाराला नारायण वामन टिळक होतेच. 1893 मध्ये आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशानं त्यांना नवा करार दिला आणि त्यांचा बाप्तिस्मा झाला 10 फेब्रुवारी 1895 ला, मुंबईत. म्हणजे मधे वर्षभर तरी गेलंच. एवढ्या मोठ्या माणसाला वेळ लागतो, तर मला का लागू नये? हे मी बायकोलाही ऐकवलं. ती म्हणाली, "ते त्या दिवसांत पुस्तक वाचत तरी होते. तुम्ही काय करायलात?"

मी गप्प बसलो. टिळकांना घर, जात, लक्ष्मीबाई, सगळं पणाला लावायचं होतं. मला दोनशे पावलं चालायची होती. आणि त्या दोनशे पावलांसाठी मी रानात जायची वाट बदलली होती! दादाचा आखाडा लागू नये म्हणून ओढ्याकडून वळसा घालून जायचो.

2018 च्या जूनमध्ये पहिला पाऊस झाला. सकाळी रानात जाऊन मी माती मुठीत दाबली. चिकटली. अजून दोन दिवस लागणार होते. तसाच उभा राहिलो आणि आबा आठवले. तेही थांबायचे, पण रोज येऊन बघायचे. मी दोन वर्षांत दादाच्या दिशेला एकदा तरी तोंड केलं होतं का?

हात तसाच चिखलाचा घेऊन बांध ओलांडला. दादा वाळलेल्या मोसंबीच्या बुंध्यापाशी कुदळ मारत होता. मी दिसलो तरी थांबला नाही.

"दादा, त्या रातीला लाईट होती."

"ठावं हाय मला," तो म्हणाला. "विहिरीवरचा बल्ब माझ्या बाजंवरून दिसतो."

मला वाटलं होतं, कबूल केलं की छातीवरचं ओझं उतरेल. तसं काही झालं नाही. त्याला पहिल्यापासून माहीत होतं. दोन वर्षं तो नुसता माझी वाट बघत होता, हे कळल्यावर ओझं वाढलंच. मी कुदळ मागितली. त्यानं दिली नाही. बुंधा निघेपर्यंत मी तिथंच उभा होतो. मग वैनीनं चहाला हाक मारली, दोघांनाही.

चहा पिता पिता त्यानं माझ्याकडं न बघता विचारलं, "आज पाळी कुणाची?"

"तुझीच," मी म्हणालो.