देहनिंदा कोणासाठी?



संतवाङ्मयात देहाविषयी दोन्ही प्रकारची वचने सापडतात. एका ठिकाणी देह म्हणजे हाडामांसाचा, मळमूत्राचा सांगाडा. दुसऱ्या ठिकाणी तोच देह भगवंताच्या प्राप्तीचे साधन, देवांनाही हवासा वाटणारा. आम्ही कीर्तनकार यांतले पहिले प्रमाण जास्त वेळा घेतो, कारण देहाची निंदा रंगते. बोळक्या तोंडाचा अभिनय करावा, मंडपात हशा पिकतो. मग आवाज खाली आणून स्मशानाचे वर्णन करावे, शांतता पसरते. पखवाजावर थाप पडली की श्रोते वैराग्य झाल्यासारख्या माना डोलावतात. घरी जाऊन ते आरशापुढे उभे राहतात, तो भाग वेगळा.

पण हे औषध आहे, आणि औषध म्हटले की ते कोणाला द्यायचे हा प्रश्न येतोच. ज्याला आपल्या रूपाचा माज चढला आहे त्याला ते लागू पडेल. ज्या लेकराला आपल्याच देहाची लाज वाटते आहे, त्याला तेच दिले तर?

पाच-सहा वर्षांपूर्वी नगर जिल्ह्यातल्या एका गावी सप्ताहात काल्याचे कीर्तन माझ्याकडे होते, म्हणून आदल्या दिवशी मुक्कामाला पोचलो होतो. सकाळी एक गृहस्थ दहावीतल्या मुलीला घेऊन आले. घर माळकरी. मुलगी जेवत नव्हती. सकाळी अर्धी भाकरी, रात्री काही नाही, आणि कोणी पाहत नसले की तीही ताटाबाहेर. शाळेत मुली काहीतरी नावाने हाक मारीत, तेव्हापासून हे सुरू झाले होते. वडील म्हणाले, "महाराज, हिला जरा समजावून सांगा. देह नाशवंत आहे, त्याचं एवढं काय मनाला लावून घ्यायचं, असं तुमच्या तोंडून ऐकेल ती."

मुलगी खाली बघत होती. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "महाराज, काल कीर्तनात बुवांनी सांगितलं ते मला सगळं पटलंय. देह घाणच आहे. म्हणून तर मी जेवत नाही."

वडील हसले. त्यांना वाटले, पोर हजरजबाबी आहे. मला हसू आले नाही. मी त्यांना म्हटले, आधी हिला तालुक्याला चांगल्या डॉक्टरांकडे घेऊन जा, जेवण तुटणे हा आजार असू शकतो, त्याला प्रवचन पुरत नाही. ते तयार झाले. पण त्या मुलीचे वाक्य काही माझ्या डोक्यातून जाईना. सिद्धांत आमचा, शब्द आमचे, आणि निष्कर्ष उपाशी राहण्याचा.

देहनिंदा ग्रंथांत जिथे आली आहे तिथे ती कोण करतो आणि कोणाच्या देहाची करतो, हे नीट पाहायला हवे. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे आहेत. जन्म, मृत्यू, जरा, व्याधी यांतले दोष पाहणे हे त्यांतलेच एक. माउलींनी तिथे केलेले म्हातारपणाचे वर्णन वाचताना आजही अंगावर काटा येतो, आणि माझ्या वयाच्या माणसाला तर ते आरशासारखे वाटते. पण तो ज्ञानी पुरुष पाहतो ते स्वतःकडे. ऐन तारुण्यात, अंगात रग असताना, आपल्याच देहाचे पुढे काय होणार हे तो आधी ओळखून ठेवतो. शेजाऱ्याच्या नाकाकडे त्याचे बोट नाही. आणि हे सांगणाऱ्याचे वय काय? परंपरेने माउलींचा जन्म शके ११९७ चा आणि ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. पंधरा वर्षे. आपली नातवंडे ज्या वयात मुरुमांसाठी रडतात ते वय. माउलींची गोष्ट वेगळी, हे मलाही कळते; पण त्या वयात देहाचा विचार खोलवर शिरू शकतो, तो उथळ नसतो, एवढे तरी त्यातून घ्यावे. "पोरकटपणा आहे, जाईल आपोआप" असे म्हणून तो झटकून टाकू नये.

दुसरे उदाहरण पिंगलेचे. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो, त्यांत विदेहनगरातली ही वेश्या आहे. नाथमहाराजांनी तिची कथा मोठ्या रसाने सांगितली आहे. नटूनथटून ती संध्याकाळी दारात उभी राहते. रस्त्याने येणारा प्रत्येक माणूस तिला आपल्याकडेच येणारा वाटतो. तो पुढे निघून जातो. ती आत जाते, पुन्हा बाहेर येते. हा नाही तर पुढचा येईल. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. असे करता करता मध्यरात्र होते.

आता घरातल्या पोराकडे पाहा. फोटो काढतो, पंचवीस काढून एक ठेवतो, त्याचा रंग उजळतो, हनुवटी बारीक करतो आणि लोकांपुढे टाकतो. मग फोन उघडतो, मिटतो, उघडतो. कोणी पाहिले, कोणी पसंत केले, कोणी पाहूनही गप्प राहिले. अंथरुणात मध्यरात्र होते. या तुलनेने कोणी रागावू नये. लेकरांना मी पिंगला म्हणत नाही. दारात उभा राहून टांगणीला लागलेला जीव दोन्हीकडे एकच आहे, एवढेच म्हणतो. हे मुलींपुरतेही नाही. तालमीत पूर्वी पोरे जोर-बैठका काढायची ती कुस्ती मारण्यासाठी. आता दंड मापण्यासाठी डब्यातली पावडर खातात, आणि दंड भरला नाही तर कोणी काय टोचून घेतो ते आईबापांना कळतही नाही.

पिंगलेला मग वैराग्य आले. ती देहाला हाडांचे घर म्हणते, कातडीने मढवलेले, नऊ दारांनी झरणारे. आम्ही कीर्तनात हे वर्णन तिच्या स्वतःच्या देहावर लावून मोकळे होतो. मूळ श्लोक पाहावा. ती ज्याची वाट पाहत होती, त्या पुरुषाच्या देहाविषयी ते बोलणे आहे. अशा घराजवळ माझ्यावाचून दुसरी कोण जाईल, असा तिचा स्वतःला टोमणा आहे. म्हणजे तिने निंदा केली ती पारखणाऱ्याची. माझी किंमत ठरवायला मी कोणाला दारात उभे केले, हे तिला उमगले. तू कुरूप आहेस असे तिला कोणी सांगितले नाही आणि तू सुंदर आहेस असेही सांगितले नाही. पुढे तर त्याहून मोठी गोष्ट आहे. आपण कोणाला तरी आवडावे, ही ओढ ती टाकून देत नाही. हृदयात जवळच बसलेला जो खरा प्रियकर, त्याच्या हाती स्वतःला देऊन लक्ष्मीसारखे रमायचे ती ठरवते. ओढ तीच, गिऱ्हाईक बदलले. आणि मग, भागवतकार आवर्जून सांगतात, ती सुखाने झोपली.

म्हणून मला वाटते, लाजलेल्या लेकराला देहनिंदा ऐकवणे हा शास्त्राचा आधार घेऊन केलेला अन्याय आहे. माजलेला आणि लाजलेला, दोघेही देहबुद्धीतच अडकलेले, हे खरे. पण एक गच्चीवर चढून बसला आहे आणि दुसरा विहिरीत पडला आहे. दोघांनाही "खाली ये" म्हणून कसे चालेल?

आणि विहिरीत ढकलले कोणी? ही लाज उपजत नसते. माझा एक पुतण्या डॉक्टर आहे, त्याने सांगितलेली हकीकत अशी. फिजी बेटांवर भरदार अंगाचे कौतुक असे, पाहुण्याला आग्रहाने पोटभर वाढत. तिथल्या नाद्रोगा भागात १९९५ साली दूरचित्रवाणी आली. हार्वर्डच्या अ‍ॅन बेकर या विदुषीने तेव्हा आणि पुन्हा १९९८ साली शाळकरी मुलींची पाहणी केली. वजन राहू नये म्हणून खाल्लेले मुद्दाम ओकून टाकणारी पहिल्या पाहणीत एकही नव्हती. तीन वर्षांनी शंभरात अकरा निघाल्या. देह तेच, समुद्र तोच, घरातले अन्न तेच. बदलले ते पाहणाऱ्याचे डोळे.

आपल्याकडे मात्र टीव्हीची वाट पाहावी लागली नाही. गोरे करणारे ते प्रसिद्ध मलम १९७५ साली बाजारात आले आणि २०२० साली त्याच्या नावातला गोरेपणा काढून चकाकी घातली गेली. पण ते आले तेव्हा गिऱ्हाईक आमच्या माजघरात तयारच होते. बारशालाच बायका विचारतात, "रंग कोणावर गेला?" वयात येणाऱ्या मुलीला "उन्हात जाऊ नको, आधीच काळी आहेस" हे प्रेमानेच म्हटले जाते. लग्नाच्या परिचयपत्रकात एका ओळीत "घराणे वारकरी, माळकरी" असते आणि पुढच्या ओळीत "वधू गोरी, सडपातळ हवी". ज्या देवाला काळा म्हणून आळवायचे, सावळा म्हणून नाचायचे, त्याच्याच नावाची माळ गळ्यात घालून हे लिहिले जाते. आमचे तरुण कीर्तनकारही यातून सुटलेले नाहीत. गावोगावच्या फ्लेक्सवर महाराजांचा चेहरा प्रत्यक्षापेक्षा दोन छटा उजळ असतो. वैराग्याचे निरूपण करणाऱ्याने निदान फ्लेक्स छापणाऱ्याला तरी ते ऐकवावे.

याला उतारा म्हणून हल्ली मुलांना "तू आहेस तशीच सुंदर आहेस" असे सांगायची पद्धत आली आहे. हेतू चांगला आहे, पण माझे मन त्यावर बसत नाही. बोलणे पुन्हा रूपाचेच झाले. शिवाय पोर हुशार असते. आई खोटे बोलते आहे हे तिला कळते, आणि ज्या अर्थी खोटे बोलावे लागते त्या अर्थी गोष्ट खरेच गंभीर आहे, असे ती समजते.

मग सुंदर म्हणजे काय? आमच्या भजनाची सुरुवात रूपाच्या अभंगाने होते. तुकोबारायांचा तो अभंग कोणाला पाठ नाही? त्यात पहिल्याच शब्दाला देव सुंदर म्हणून ठरून जातो. मग काय सांगितले? उभे राहणे, हात कमरेवर ठेवणे, तुळशीची माळ, पीतांबर, कुंडले, कौस्तुभ. अंगाचा रंग नाही, नाकाची धार नाही, उंची नाही, कोणाशी तुलना नाही. हेच रूप सतत आवडते, असे महाराज सांगतात आणि थांबतात. आवड आधी, सौंदर्य मागून. पंढरीची मूर्ती पाहिलेल्या कोणालाही विचारा. काळा पाषाण, पिढ्यान्‌पिढ्यांच्या स्पर्शाने पाय झिजलेले, झीज थांबावी म्हणून वज्रलेप करावा लागतो. झिजलेल्या पायांमुळे देव कोणाला कमी देखणा वाटल्याचे मी पन्नास वर्षांच्या वारीत ऐकले नाही. उलट ती झीज म्हणजे आपल्याच आजे-पणज्यांचा हात, म्हणून डोके तिथेच ठेवावेसे वाटते.

त्या गावी दुसऱ्या दिवशी काल्याचे कीर्तन झाले. देहाचा विषय मी मुद्दाम काढला नाही. काल्यात तो काढायची गरजही नसते, कारण काल्यातले गडी पाहा. पेंद्या, पायाने अधू. कोणी बोबडा, कोणी वाकडा. संतांनी गवळणींत आणि काल्याच्या अभंगांत यांना आडबाजूला ठेवलेले नाही, डाव त्यांच्यावाचून मांडला जात नाही. देव त्यांच्या शिदोऱ्या एकत्र करतो आणि त्यांच्या तोंडचा घास काढून खातो. पेंद्याचा पाय बरा केल्याचे काही काल्यात येत नाही. त्याची कोणाला आठवणही होत नाही. खेळताना पायाचा उपयोग असतो, पायाचे प्रदर्शन नसते. दिंडीत चालणाऱ्या, टाळ घेऊन पावली धरणाऱ्या, वाळवंटात फुगडी घालणाऱ्या पोरीला मी कधी अंग चोरताना पाहिले नाही. नाथमहाराज म्हणतात तसा देह टाकायचाही नाही आणि भोगत बसायचाही नाही, मधल्या वाटेने कामाला लावायचा. कामाला लागलेला देह मापायला सवड मिळत नाही.

दहीहंडी फुटली, लाह्यांचा प्रसाद वाटला. ती मुलगी आईबरोबर रांगेत होती. तिने ओंजळ पुढे केली, मी घातला. नेहमीप्रमाणे मी तिच्या पायांना हात लावून नमस्कार केला, जसा सगळ्यांना करतो तसा. ती दचकली. तिने प्रसाद खाल्ला की पदराआड टाकला हे मी मान वळवून पाहिले नाही. घरात, शाळेत, फोनवर तिला पाहणारे पुष्कळ होते.

जनाबाईची एक कथा आपल्याकडे घरोघरी सांगतात. दासी, दिवसभर दळण-कांडण, शेण-गोठा. केसांना तेल नाही, जटा झालेल्या. देव येतो, तिचे केस मोकळे करतो, उवा वेचतो, विंचरून वेणी घालतो. चित्रकारांनी ही चित्रे पुष्कळ काढली आहेत, त्यांत जना गोरीपान असते. ते सोडून द्या. वेणी घालणारा मागे बसतो. समोर चेहरा नसतो, हातात फक्त गुंता असतो. तो ओढून तोडायचा नसतो, खालून वर हळूहळू सोडवायचा असतो, आणि त्याला वेळ लागतो. आपल्या घरांत अजून नातीची वेणी घालणारी आजी असेल, तर वेणी घालताना ती नातीच्या रंगाविषयी, अंगाविषयी काय काय बोलते, ते घरातल्यांनी एकदा कान देऊन ऐकावे.