अभय कोणाला?



पावसाळा सुरू झाला की आपल्या तरुणांचे पाय तुंगारेश्वरकडे आणि चिंचोटीच्या धबधब्याकडे वळतात. तिथे माणसे बुडाल्यामुळे पोलीस पावसाळ्यात बंदी घालतात. बंदी ऐकली की आपण कुरकुरतो, डोंगर काय कोणाच्या बापाचा आहे? तो सर्वांचा आहे, म्हणूनच तर राखावा लागतो. सुमारे ८५ चौरस किलोमीटरचे हे जंगल २००३ साली अभयारण्य म्हणून जाहीर झाले. एका बाजूला बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, दुसऱ्या बाजूला तानसा अभयारण्य आणि मध्ये हा दुवा. तो तुटला तर बिबट्याने जायचे कुठून?

अभयारण्य म्हणजे जिथे भय नाही ते अरण्य. पण भय कोणाला नाही? बिबट्याला नसावे, हे उघड आहे. पिढ्यान्‌पिढ्या याच डोंगराच्या कुशीत राहणारी वारली बाई मात्र सरपणाची मोळी घेऊन निघते, तेव्हा तिला वनरक्षकाचे भय असते. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलात राहणाऱ्या आदिवासींचे हक्क अभयारण्यातसुद्धा मान्य केले. पण कागदावरचा हक्क पाड्यापर्यंत पोहोचायला फार वेळ लागतो. आपण रविवारी गाडीने जातो, चुली पेटवतो, बाटल्या आणि पत्रावळ्या तिथेच टाकतो आणि घरी येऊन निर्धास्त झोपतो.

बंदीच नको, असे आमचे म्हणणे नाही. बंदी नसती तर पायथ्याच्या चाळी केव्हाच वर चढल्या असत्या. प्रश्न आहे तो बंदीचा भार कोणाच्या डोक्यावर पडतो, हा. लेवीय ग्रंथात शेतकऱ्याला आज्ञा आहे की, शेताच्या कडा कापू नकोस, त्या गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू दे. आपण वाडीवाले, आपल्याला कडेची किंमत कळते. तिथे विळा आवरायचा तो मालकाने, गरिबाला मात्र वाट मोकळी आहे. आपल्या अभयारण्यांत नेमके उलटे होत नाही ना?

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात सांगितले की, आदिवासींच्या भूमीविषयी ठरवताना त्यांच्याशीच आधी बोलले पाहिजे. हे आपल्याला नवे वाटू नये. हरित वसईच्या लढ्यात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्याबरोबर आपली माणसे रस्त्यावर उतरली, तेव्हा आपलेही गाऱ्हाणे हेच होते की, इथे राहणाऱ्यांना न विचारता इथल्या जमिनीचे ठरवू नका. वारल्यांच्या बाबतीत तेच गाऱ्हाणे आपल्या तोंडून किती वेळा निघाले?

येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर युवकांच्या सहलीची बैठक आहे. बंदी असेपर्यंत जायचे नाही, यासाठी बैठकीची गरज नाही. पण बंदी उठल्यावर जायचे झाले, तर पायथ्याच्या पाड्यातील लोकांना आधी भेटायचे का, हा विषय आम्ही तिथे मांडणार आहोत.